उथळ पाण्यातील मरळ आणि कृत्रिम आमिषाची निवड

बुलडाणा जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही आणि उन्हाळाभर दुथडी भरून वाहणारी नदीही नाही. तरीही पाण्याची ठिकाणे येथे पुष्कळ आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी पैनगंगा, दक्षिणेकडील खडकपूर्णा, घाटाखालच्या काळ्या जमिनीतून वाहणारी पूर्णा आणि या नद्यांवर व त्यांच्या उपनद्यांवर बांधलेली नळगंगा, पेनटाकळी, कोराडी, येळगाव, खडकपूर्णा यांसारखी धरणे, शिवाय लहानमोठे पाझर तलाव. या पाण्यात भोई समाजाची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आली आहेत. जाळे, अनेक गळांची दावण आणि गांडूळ लावलेला साधा गळ ही त्यांची साधने. आता त्याच काठांवर सुट्टीच्या दिवशी शहरातील हौशी मंडळीही दिसतात. त्यांच्या हातात काचतंतूची किंवा कार्बनची काठी असते, तिला रीळ असते आणि डबीत रंगीबेरंगी प्लॅस्टिकचे मासे, रबरी बेडूक आणि चकचकीत चमचे असतात.

हा छंद नव्याने लागलेल्या माणसाची पहिली अडचण या डबीपासूनच सुरू होते. दुकानातील आमिषे दिसायला सारखीच मोहक असतात. त्यांतील बहुतेक परदेशातील खोल सरोवरांसाठी किंवा समुद्रासाठी तयार झालेली असतात. दोन-तीन फूट खोलीच्या, पाणवनस्पतींनी भरलेल्या तलावाच्या काठावर ती टाकली, की पहिल्याच फेकीत गवताचा भारा घेऊन परत येतात. आमिष निवडताना माशाला काय आवडते हा प्रश्न विचारला जातो. त्याआधी तो कोठे राहतो, कसा खातो आणि ज्या पाण्यात आमिष फिरवायचे ते पाणी कसे आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

कोणता मासा फसतो?

जिल्ह्यातील जलाशयांत मत्स्यबीज म्हणून प्रामुख्याने कटला, रोहू आणि मृगळ सोडले जातात. हे तिन्ही मासे शिकारी नव्हेत. कटला पाण्याच्या वरच्या थरातील सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू मधल्या थरात वनस्पतिजन्य अन्नावर जगतो आणि मृगळ तळाचा कुजका पाला व गाळ चाळतो. त्यांच्यासमोरून प्लॅस्टिकचा मासा कितीही ऐटीत पोहत गेला तरी ते त्याच्याकडे सहसा ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांना कणकेचा किंवा पेंडीचा गोळाच लागतो. कृत्रिम आमिष हे जिवंत भक्ष्याचे सोंग असल्यामुळे ते शिकारी माशांपुरतेच उपयोगी आहे. गोड्या पाण्यातील अशा माशांत शिंगट्यासारखे मिशाळ मासे येतात. पण उथळ, झाडझाडोऱ्याच्या पाण्यातील खरी मानकरी म्हणजे मरळ.

मरळ हा लांबट, गोलसर अंगाचा, सापासारख्या चपट्या डोक्याचा मासा. आपल्याकडील पट्टेरी मरळीचे शास्त्रीय नाव चन्ना स्ट्रायाटा. तिची मोठी बहीण चन्ना मारुलियस मीटरभराहून अधिक लांब वाढू शकते. मरळीच्या कल्ल्यांच्या वरच्या बाजूस एक पोकळी असते आणि तिच्या साहाय्याने ती हवेतील प्राणवायू घेते. केवळ कल्ल्यांवर तिचे भागत नाही. ठरावीक वेळाने तिला पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. याच कारणाने इतर मासे गुदमरतील अशा तापलेल्या, कुजक्या आणि साचलेल्या उथळ पाण्यातही ती तग धरते. लव्हाळी, पाणकणीस, बुडालेल्या बाभळी, काठावरची बेशरमाची झुडपे हे तिचे घर. तेथे ती निश्चल दबा धरून बसते आणि बेडूक, लहान मासे, झिंगे किंवा किडे टप्प्यात येताच एका झेपेत गिळते. पाठलाग करण्यापेक्षा दबा धरण्याकडे तिचा कल असल्याने आमिष तिच्या दबक्या जागेच्या जवळून जाणे आवश्यक असते. दहा हात दूर, मोकळ्या पाण्यात फिरवलेले आमिष बहुतेक वेळा फुकट जाते.

सोंगामागील तत्त्व

गळाच्या मासेमारीचा अभ्यास या भूमीला नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने सुमारे ११३० साली रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांना घालावयाचे खाद्य आणि गळाने मासे धरण्याची रीत यांची चर्चा त्यात येते. वेगवेगळ्या माशांसाठी वेगवेगळे आमिष हवे, हा विचार नऊशे वर्षांपूर्वी येथे रुजलेला होता.

कृत्रिम आमिषाचा आजचा अवतार मात्र पाश्चात्त्य आहे. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील ज्युलिओ ब्यूएल याने धातूच्या चमच्यासारख्या आमिषाचे एकस्व १८५२ साली मिळवले. नावेतून पाण्यात पडलेल्या चमच्यावर मासा झेपावलेला पाहून त्याला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगितली जाते. फिनलंडमधील लॉरी रापाला या मच्छीमाराने १९३६ साली बुचाच्या लाकडाचा लहानसा मासा कोरला आणि त्याला चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी गुंडाळली. मोठे मासे थव्यातील धडधाकट माशांपेक्षा डुगडुगत पोहणाऱ्या जखमी माशावर आधी तुटून पडतात, हे त्याने पाहिले होते. त्याच्या आमिषाचे यश हुबेहूब दिसण्यापेक्षा त्या डुगडुगण्यात होते.

हे तत्त्व मरळीलाही लागू पडते. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत जाणारी पार्श्वरेषा असते. पाण्यातील दाबाचे बारीक बदल व कंपने तिला कळतात. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग कमी होतो, तेव्हा मासा या रेषेच्या आधाराने भक्ष्याची दिशा ठरवतो. म्हणून आमिषावरील खवले आणि डोळे किती सुबक रंगवले आहेत, यापेक्षा ते पाणी कसे हलवते याला महत्त्व अधिक.

आमिषांचे प्रकार आणि त्यांच्या मर्यादा

उथळ पाण्यातील मरळीसाठी पहिली पसंती पोकळ रबरी बेडकाला द्यावी लागते. त्याचे अंग मऊ व आतून रिकामे असते, त्यामुळे तो तरंगतो. दोन गळांची टोके वर वळून त्याच्या पाठीला चिकटलेली असतात. गवतावरून, जलपर्णीच्या पानांवरून तो घसरत जातो आणि अडकत नाही. मासा त्याला जबड्यात धरतो तेव्हा रबर दबते आणि टोके उघडी पडतात. ज्या दाट झाडोऱ्यात दुसरे कोणतेही आमिष चालत नाही, तेथे बेडूक चालतो. मात्र रबर फार जाड व ताठ असेल तर ते दबत नाही आणि मासा निसटतो. विकत घेताना बोटांनी दाबून टोके सहज बाहेर येतात का हे पाहावे.

दुसरा प्रकार चमच्याचा. वक्र धातूचे पान ओढले की डावी-उजवीकडे डोलते आणि उजेड परावर्तित करते. पाणी काहीसे नितळ असेल आणि गवतात मोकळ्या वाटा असतील तर तो उत्तम. पण उघड्या तिहेरी गळाचा चमचा तणात निरुपयोगी ठरतो. एकच गळ आणि त्याच्या टोकाला झाकणारी तारेची बारीक आड असलेला चमचा घ्यावा. उथळ पाण्यात तो फार जड नसावा. जड चमचा सावकाश ओढला की तळाच्या गाळात रुततो आणि वेगाने ओढला तर मरळीच्या टप्प्यात पुरेसा वेळ राहत नाही.

तिसरा प्रकार फिरकीचा. दांडीभोवती गरगरणाऱ्या पात्यामुळे पाण्यात सतत कंपने उठतात. गढूळ पाण्यात ती गुणकारी आहे, पण शेवाळाचा एक धागा पात्यात अडकला तरी ती थांबते. तिचे क्षेत्र म्हणजे गवताची कड, आतला भाग नव्हे.

चौथा प्रकार लाकडी किंवा कठीण प्लॅस्टिकच्या माशाचा. त्याच्या तोंडाखाली पारदर्शक जिभली असते आणि ओढल्यावर तिच्यामुळे तो खाली बुडी मारतो. जिभली जितकी लांब, तितकी बुडी खोल. धरणाच्या दगडी पिचिंगजवळ किंवा नदीच्या डोहात त्याचा उपयोग होतो. दोन फूट पाण्यात मात्र तो तळ उकरत येतो, आणि पोटाखालचे दोन-तीन तिहेरी गळ वाटेतील प्रत्येक काडी गोळा करतात. नवशिके नेमके हेच आमिष सर्वांत आधी विकत घेतात, कारण दुकानात ते सर्वांत देखणे दिसते.

पाचवा प्रकार मऊ रबरी अळीचा किंवा माशाचा. गळाचे टोक रबराच्या अंगात लपवून ठेवता येते, त्यामुळे तेही तणातून सुटून येते. बेडकावर झेप घेऊन चुकलेली मरळ जागा सोडत नाही. त्याच ठिकाणी सावकाश सोडलेली अळी ती अनेकदा स्वीकारते. मरळीला धारदार दात असल्याने मऊ रबर फार काळ टिकत नाही, एवढी गैरसोय सोसावी लागते.

घाटावरचे पाणी, घाटाखालचे पाणी

एकाच जिल्ह्यात पाण्याचा स्वभाव किती बदलतो, हे बुलडाण्यात चांगले दिसते. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खोल काळी माती आहे. पाऊस पडला की ती पाण्यात मिसळते आणि बारीक कण दीर्घकाळ तरंगत राहतात. घाटावरच्या खडकाळ, मुरमाड भागातील तलाव पावसाळ्यानंतर त्या मानाने लवकर नितळतात.

रंगाची निवड याच्याशी जोडलेली आहे. खोल समुद्रात लाल रंग सर्वांत आधी नाहीसा होतो, हा नियम पुस्तकांत वाचायला मिळतो. परंतु दोन-तीन फूट पाण्यात त्याला फारसा अर्थ नाही. गढूळ पाण्यात तर उलट घडते. तरंगणारे कण निळा उजेड अधिक अडवतात आणि पिवळा-तांबडा उजेड तुलनेने पुढे जातो. अशा पाण्यात निळ्या-चंदेरी छटा फिक्या पडतात; पिवळा, नारिंगी किंवा पोपटी रंग उठून दिसतो. पृष्ठभागावरच्या बेडकाची गोष्ट आणखी वेगळी. मासा त्याला खालून, आकाशाच्या पार्श्वभूमीवर पाहतो. त्याला वरचा रंग दिसतच नाही, दिसते ती आकृती, आणि उजेडासमोर सर्वांत ठळक आकृती काळ्या रंगाची. त्यामुळे पहाटे, सायंकाळी आणि ढगाळ दिवशी साधा काळा बेडूक भरवशाचा ठरतो. नितळ पाण्यात व उन्हात मात्र पोटाला पांढरट आणि पाठीला हिरवट, असा नैसर्गिक रंग बरा. तेथे भडकपणा माशाला बिचकवतो.

ऋतूचाही विचार हवा. पावसाळा संपता संपता धरणे भरतात आणि काठचे गवत पाण्याखाली जाते. बेडूक व किड्यांची रेलचेल असल्याने मरळ अगदी काठापर्यंत येते आणि पृष्ठभागावरच्या आमिषाला चांगला प्रतिसाद देते. हिवाळ्यात घाटावरची थंडी पाण्यात उतरते. मासा सुस्तावतो आणि त्याच्या नाकासमोरून हळूहळू जाणारी रबरी अळीच काय ती उपयोगी पडते. उन्हाळ्यात पाणी आटून मरळी थोड्या जागेत गोळा होतात. भल्या सकाळी हवेचा घोट घेताना उठणारे कडे त्यांचा ठावठिकाणा सांगते.

दोर, झटका आणि गळ

चांगल्या आमिषाला साजेशी जोड नसेल तर ते वाया जाते. मोकळ्या पाण्यात तंगूस चालतो, पण तो ताणला जातो. गवतात शिरलेल्या मरळीला बाहेर काढताना हा ताण घातक ठरतो. म्हणून विणलेला, न ताणणारा दोर वापरतात. बेडकावर मासा झेपावला की पाण्याचा मोठा फवारा उडतो आणि नवखा माणूस त्याच क्षणी झटका देतो. बेडूक तेवढा उडून अंगावर येतो. एक-दोन अंक मोजावेत, दोराला वजन जाणवू द्यावे आणि मगच काठी उचलावी. कार्बनची काठी विजेची वाहक असल्याने वीजतारांखाली किंवा गडगडाटात ती उभी धरू नये, हेही येथेच सांगावयास हवे.

गळाविषयी एक सूचना विशेष महत्त्वाची. तिहेरी गळ माशाच्या तोंडात, कल्ल्यात आणि कधी डोळ्यात एकाच वेळी रुततो. असा मासा पाण्यात सोडला तरी जगण्याची शक्यता घटते. एकेरी गळ वापरावा आणि त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा. दोर सैल पडू दिला नाही, तर सपाट गळावरूनही मासा सहसा सुटत नाही, आणि तो काढायला काही क्षण पुरतात. मासा हाताळण्याआधी हात ओले करावेत, म्हणजे त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघत नाही.

जेव्हा आमिष टाकू नये

मरळीच्या बाबतीत आमिषाच्या निवडीइतकाच आमिष न टाकण्याचा निर्णय मोलाचा आहे. पावसाळा हा तिच्या विणीचा मुख्य हंगाम. नर-मादी पाणवनस्पतींत गोलाकार जागा साफ करतात, अंडी पृष्ठभागावर तरंगतात आणि पालक त्यांची राखण करतात. पिल्ले बाहेर पडल्यावरही ही राखण काही आठवडे सुरू राहते. तांबूस-नारिंगी पिल्लांचा घोळका पाण्यावर उकळी फुटल्यासारखा दिसतो आणि त्याखाली मोठी मरळ फिरत असते. पिल्ले हवा घेण्यासाठी वर येतात, तेव्हा पाण्यावर बारीक बुडबुड्यांची नक्षी उमटते.

या घोळक्यावर टाकलेला बेडूक जवळजवळ कधीच रिकामा परतत नाही. पालक मासा भुकेने नव्हे, पिल्लांच्या रक्षणासाठी त्याच्यावर तुटून पडतो. काही हौशी मंडळी हीच युक्ती कौशल्य म्हणून सांगतात. पण मोठा मासा काठावर आला, की मागे उरलेली पिल्ले उघडी पडतात आणि इतर मासे व पक्षी त्यांचा फडशा पाडतात. एका माशाबरोबर एक अख्खी वीण जाते. कटला-रोहूचे बीज दरवर्षी बाहेरून आणून सोडले जाते. तलावातील मरळ मात्र बहुतांशी तिच्या नैसर्गिक विणीवरच टिकून असते. ती बाजारात चांगल्या भावाने विकली जाणारी, जिवंत राहून दूरवर नेता येणारी मासळी आहे. तिची वीण बुडाली तर हौशी माणसाचा एक छंद कमी होतो, पण काठावरच्या मच्छीमार कुटुंबाचे उत्पन्न कमी होते.

लहान वाटणाऱ्या चुकीचे परिणाम किती मोठे होतात, याचे उदाहरण अमेरिकेच्या मेक्सिको आखातात मिळते. तेथील किनाऱ्यावरच्या गुडघाभर, गवताळ खाऱ्या पाण्यात रेडफिश हा आपल्या घोळ माशाच्या कुळातील मासा राहतो. तोही उथळ पाण्यातील शिकारी, आणि त्याच्यासाठीही तारेची आड असलेला सोनेरी चमचा व टोक लपवलेले मऊ रबर हीच आमिषे नावाजलेली आहेत. पाण्याची अडचण सारखी, म्हणून उपायही सारखा. १९८०च्या दशकात न्यू ऑर्लिन्समधील पॉल प्रुडोम या बल्लवाचार्याने मसाला लावून काळसर भाजलेला रेडफिश लोकप्रिय केला. मागणी एवढी वाढली, की मोठमोठ्या जाळ्यांनी अंडी घालणारे वयस्क मासेच ओढले जाऊ लागले, आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत आखाताच्या केंद्रीय अखत्यारीतील पाण्यात या माशाची पकड बंद करावी लागली. पुढे २००७ साली राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी केंद्रीय पाण्यातील रेडफिशच्या विक्रीला अटकाव करणारा आदेश काढला. वीण राखणारा मासा हातचा गेला, की त्याची भरपाई करण्यास वर्षे लागतात.

परवानगी आणि मर्यादा

राज्यातील तलाव व जलाशयांतील मासेमारीचे हक्क मत्स्यव्यवसाय विभागाच्या धोरणानुसार ठेक्याने दिले जातात आणि पुष्कळ ठिकाणी ते स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. त्यामुळे काठावर बसण्याआधी संबंधित संस्थेची परवानगी घेणे हे कायद्याचे आणि सौजन्याचेही काम आहे. ज्ञानगंगा आणि अंबाबरवा ही अभयारण्ये जिल्ह्यात आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये संरक्षित अशा क्षेत्रांत गळ टाकण्याचा विचारही करू नये. विष किंवा स्फोटके वापरून मासे मारणे १८९७ सालच्या मत्स्य कायद्यापासूनच गुन्हा आहे. तुटलेला दोर काठावर टाकून देण्याची सवयही सोडायला हवी. त्यात पाणपक्ष्यांचे पाय गुरफटतात.

नव्या माणसाने डबी भरण्याची घाई करू नये. एक काळा पोकळ बेडूक, एक हिरवट बेडूक, आड असलेला एक सोनेरी चमचा आणि काही मऊ रबरी अळ्या एवढ्यावर घाटावरच्या आणि घाटाखालच्या बहुतेक उथळ पाण्यांत काम भागते. डबीत न मावणारी एक वस्तू मात्र सोबत असावी, ती म्हणजे पाण्याची चकाकी कमी करणारा ध्रुवीकृत काचांचा चष्मा. त्यातून गवतातील वाटा दिसतात आणि त्यांच्या कडेला दबून बसलेली मरळही कधी कधी दिसते. तांबूस पिल्लांचा घोळकाही त्यातूनच वेळेवर नजरेस पडतो, आणि मग त्या दिवशी तो कोपरा सोडून पुढच्या काठाकडे निघता येते.